नऊवारीतलं फिगर ड्रॉइंग: माझ्या कागदावर बाई नाहीच, नुसती साडी उभी आहे

पेन्सिलटोक
(रविवार, रात्री १०:४०)

मंडळी, आधीच सांगते, मी चित्रकार वगैरे नाही. विमा कंपनीत क्लेमच्या फायली बघते, वय ४९. शाळेत एलिमेंटरी झाली, बी ग्रेड. इंटरमिजिएटच्या आठवड्यात कांजिण्या आल्या आणि चित्रकला तिथेच राहिली, ती थेट मुलगा नोकरीला बंगळुरूला जाईपर्यंत. आता दोन वर्षं झाली, दर रविवारी सकाळी सहकारनगरहून स्कूटर काढते आणि नवी पेठेत एका हॉलवर फिगर ड्रॉइंगला जाते. दहा-बाराजण आहोत. शिकवायला कोणी नाही. वर्गणी काढायची, मॉडेल बोलवायचं, आपापलं काढायचं. आधी दोन-दोन मिनिटांच्या पोझ, मग दहाच्या, मग चहा, आणि मग एकच लांब पोझ, वीस-वीस मिनिटांच्या तीन बैठका.

आजवर मॉडेल टी-शर्ट आणि घट्ट लेगिंग्जमध्ये असायचे. त्यात माझं बरं चाललं होतं. मान कुठून निघते, कमरेचं हाड कुठल्या बाजूला वर गेलंय, भार कुठल्या पायावर आहे, हे आता कळतं. मध्यंतरी एका पाठमोऱ्या पोझला शेजारचा मुलगा "काकू, भारी" असं म्हणाला, आणि तो कला महाविद्यालयात शिकतो, उगाच कोणाला भारी म्हणत नाही.

मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की आता कापड घेऊ या. तिथून घसरगुंडी सुरू. पहिल्या रविवारी स्टुलावर बसलेल्या मुलाच्या अंगावर चादर टाकली. चादर छान आली, मुलगा गायब. दुसऱ्या रविवारी धोतर-उपरण्यातले एक काका होते. त्यांच्या उपरण्यातच मी तासभर अडकले, काकांच्या चेहऱ्यापर्यंत पोचलेच नाही. आणि आज नऊवारीतल्या मावशी.

पोझ सुरेख होती. उजव्या पायावर भार, डावा गुडघा जरासा पुढे, डावा हात कमरेवर, उजव्या हातात रिकामी कळशी. ब्राउन पेपर, कोळसा, मी अगदी उत्साहात. निऱ्या एकेक करून काढल्या. मोजल्यासुद्धा, सतरा होत्या. काठाची बारीक नक्षीही घेतली. घरी येऊन भिंतीला टेकवून लांबून बघितलं तर पोटात गोळा आला. वर एक डोकं, खाली दोन पावलं, आणि मधे पडदा. नवरा सोफ्यावरून म्हणाला, "हे काय, दोरीवर वाळत घातलंय?" राग आला, कारण तंतोतंत तसंच दिसत होतं.

बाकीच्या तक्रारीही सांगून टाकते. हॉलमध्ये चार ट्यूबलाइट, चारी बाजूंना. वर पंखा, त्याने पदर सारखा हलतो. पंखा बंद केला तर एप्रिलचं ऊन आणि मावशींना घाम. आणि प्रत्येक विश्रांतीनंतर पदर निराळाच पडतो. माझ्या चित्रात पदराचा वरचा भाग पहिल्या बैठकीतला आणि खालचा तिसऱ्या बैठकीतला आहे, मधे त्यांची ओळखच नाही.

कापड आधी काढायचं की अंग? आणि अंग दिसतच नसेल तर काढायचं कशावरून? व्हिडिओ बघितले, त्यात सगळे जीन्सचा गुडघा नाहीतर शर्टाचं कोपर शिकवतात. काष्ट्याबद्दल कोणी बोलत नाही.

पेठी

चित्र टाका. चित्राशिवाय चित्रकलेचा धागा म्हणजे भाकरीशिवाय पिठलं.

पेन्सिलटोक

टाकलं. फक्त चित्र टाकतेय, मावशींचा फोटो काढलेला नाही आणि काढला असता तरी टाकला नसता. हसायचं असेल तर मनात हसा.

तिरपी रेघ

ताई, चित्र मोठं करून बघितलं. हात चांगला आहे. मान आणि कळशीचा हात तर फारच चांगला. मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आता निवृत्त आहे, तेव्हा मास्तरकी अंगात भिनलीय, रागावू नका.

चूक कमरेपाशी आहे. तुम्ही नऊवारी काढलेली नाही, परकर काढलाय. कमरेपासून सतरा रेघा सरळ खाली सोडल्यात. सहावारीला हे एक वेळ चालेल. नऊवारीत निऱ्यांची टोकं दोन पायांमधून मागे जातात आणि कमरेला खोचली जातात, तोच काष्टा. म्हणजे प्रत्येक पाय वेगळा गुंडाळलेला असतो. समोरून बघताना मांडीवरच्या रेघा खाली पडत नाहीत, मांडीला वळसा घालून मागे निघून जातात. गुडघा पुढे आला की त्या गुडघ्यापासून मागच्या खोचेपर्यंत कापड ताणलं जातं. ती खोच समोरून तुम्हाला दिसत नाही, पण साडीची सगळी ओढ तिच्या हातात असते. न दिसणारी ती जागा कागदावर एक टिंब देऊन नक्की करा आणि मग रेघ ओढा. रेघ बरोबर तिकडे जाईल.

माझं साधं तंत्र आहे. पहिली पाच मिनिटं चुणी काढायचीच नाही. कापड धरलंय कुठे, तेवढंच शोधायचं. खांदा, छातीचा उंचवटा, कमरेची गाठ, हाताच्या कोपराचा वाक, पुढे आलेला गुडघा. तिथे तिथे टिंब. दोन टिंबांच्या मधे कापड ताणलेलं आहे की सैल आहे, एवढं बघायचं. ताणलेलं असेल तिथे अंगाची कड दिसते, ती ठाम. सैल असेल तिथे अंग नसतं, हवा असते, ती रेघ हलकी. तुमच्या चित्रात सगळ्या रेघा सारख्याच काळ्या आहेत, म्हणून अंग कुठे आणि हवा कुठे ते कळत नाही. सतरा निऱ्यांपैकी चार घेतल्या असत्या तरी भागलं असतं.

इंग्रजी पुस्तकांत चुण्यांचे सात-सात प्रकार नावं देऊन सांगतात. पाठ करून कोणाचं भलं झालेलं मी बघितलं नाही. मी मुलांना तीन सांगायचो. एका ठिकाणी टांगलेल्या कापडाच्या नळ्या पडतात, खुंटीवरचा टॉवेल बघा. दोन ठिकाणी टांगलं की मधे झोळ पडतो. आणि सांधा मुडपला की आतल्या बाजूला वळ्या जमतात. पदराला झोळ, निऱ्यांना नळ्या, कोपराला वळ्या. उरलेलं सगळं या तिघांच्या सोयरिकीतून येतं.

भार असलेल्या पायाचं म्हणाल, तर अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर इरेक्थियमच्या देवळात छत डोक्यावर घेऊन उभ्या असलेल्या सहा दगडी बायका आहेत. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या (आता तिथे नकला उभ्या आहेत, मूळ बायका संग्रहालयांत). ज्या पायावर भार आहे त्या बाजूला वस्त्राच्या घड्या उभ्या, खोल, थेट खांबाच्या खाचांसारख्या. दुसऱ्या पायाचा गुडघा मात्र वस्त्रातून पुढे आलेला, तिथे कापड अंगाला चिकटलेलं. अंग दाखवायला त्यांना कापड काढावं लागलं नाही. नेटवर मोठे फोटो मिळतील, दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून बघा.

उजेड. चार ट्यूब म्हणजे चुणीचा खूनच. चित्रकार हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या मुलीचं जलरंगातलं चित्र आठवा, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं. अनेकजण ते रविवर्म्याचं समजतात. त्या चित्रात उजेडाचं ठिकाण एकच, मुलीच्या हातातला दिवा. म्हणूनच साडीची घडी न् घडी वाचता येते. तुम्ही ट्यूब बंद करा, एका बाजूने एक दिवा लावा, मॉडेलच्या डोक्यापेक्षा थोडा वर.

आणि घरी सरावाला जुनं मऊ धोतर प्लास्टरच्या पाण्यात बुडवून खुर्चीवर टाका, वाळलं की महिनाभर हलणार नाही. ही युक्ती माझी नाही. लिओनार्दो दा विंची मातीच्या आकृत्यांवर चिखलात भिजवलेली मऊ फडकी पांघरायचा आणि ती कापडावर कुंचल्याने रेखाटत बसायचा, असं त्याचा चरित्रकार वासारीने लिहून ठेवलंय. त्याच्या काळातही मॉडेलचा पदर चहानंतर हलत असणार.

पेन्सिलटोक

सर, हे वाचून मी कोळशाचे हात धुवायला विसरले आणि कीबोर्ड काळा केला. टिंबांची गोष्ट पटली. पण एक सांगू का? मागे जाणारी ओढ तुम्ही म्हणताय, ती मला दिसलीच नाही हो. मी मावशींपासून सहा फुटांवर बसले होते. मांडीवर रेघा खरंच सरळ खालीच पडत होत्या. गुडघा पुढे होता तिथेही. कदाचित मलाच बघता येत नसेल.

काठपदर

मधे तोंड घालतो. चित्रकलेतलं मला काही कळत नाही, मी २२ वर्षं लक्ष्मी रोडला साडीच्या गादीवर बसलो. ताईंचं चित्र बघितलं आणि हसूच आलं. ताईंना नाही हसलो.

ती साडी नेसलेली नाहीये. शिवलेली आहे.

सतरा निऱ्या, सगळ्या एका मापाच्या. माणसाच्या हाताने घातलेल्या निऱ्या अशा येत नाहीत, पहिली अरुंद, शेवटची दोन हमखास रुंद. कमरेला ताईंनी सरळ आडवी पट्टी काढलीय, तो नेफा आहे. गाठ कुठे आहे? ओचा कुठे आहे? हाताने नेसलेल्या नऊवारीत पोटापाशी कापडाचा थोडा तरी फुगवटा येणारच, नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड आहे, ते जाणार कुठे? शिवलेल्या साडीला आतून अस्तर असतं, म्हणून ती अंगापासून सुटी उभी राहते. निऱ्या शिवणीने धरलेल्या, काष्टा शिवणीने धरलेला. ओढ असायला काही खोचलेलं तर हवं ना.

थोडक्यात, ताई, तुम्हाला जे दिसलं ते तुम्ही बरोब्बर काढलंत. पडदा होता, पडदा आला.

पेन्सिलटोक

आत्ताच आमच्या ग्रुपवर विचारलं. भाड्याची! स्नेहसंमेलनाला भाड्याने देतात तिथली, हुक आणि नाडीवाली. मावशी स्वतः नऊवारी नेसून येते म्हणत होत्या, पण आमच्यातल्या एका महाभागाने "काठ मोठा दिसेल" म्हणून ही आणली.

तिरपी रेघ

काठपदर, हात जोडले. ३१ वर्षं पोरांना "दिसतं ते काढा" म्हणून ओरडलो आणि आज एका बाईंनी दिसतं ते काढलं तर त्यांनाच परकर म्हणून मोकळा झालो. बाकीचं मात्र मागे घेत नाही. रेघा सारख्याच काळ्या आहेत त्या आहेतच.

पेठी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

काठपदर

आता सुरुवात केलीच आहे तर कापडाचंही सांगतो. खरी नऊवारी आणाल तेव्हा कोरी आणू नका. कोऱ्या सुती साडीत खळ असते, ती कागदासारखी मोडते, कोन पडतात, गोलाई येत नाही. चार-पाच धुण्यांनंतर साडी अंगाला ओळखते. काठ नेहमी निराळा बघा. काठाची वीण दाट असते, म्हणून मधलं कापड गोल वळतं तिथे काठ काटकोनात मोडतो. ताईंनी काठाची नक्षी काढलीय, त्यापेक्षा काठ मोडतो कुठे ते काढा.

इरकल मिळाली तर उत्तम. अंग सुती आणि पदर रेशमी, दोन वेगळे ताणे, म्हणजे लांबीचे धागे, विणतानाच एकमेकांत अडकवलेले असतात. एकाच साडीत दोन प्रकारचं पडणं बघायला मिळेल. सुती भाग जागचा हलत नाही, रेशमी पदर खांद्यावरून घसरतो.

आणि उरेब. शिंपी उरेब कापतो म्हणजे तिरपं कापतो, कारण तिरपं धरलं की कापड ताणतं आणि लोळतं. साडी कोणी कापत नाही, पण छातीवरून तिरपा जाणारा पदर म्हणजे उरेबच झाला. म्हणून तिथल्या चुण्या मऊ असतात आणि त्याच साडीच्या निऱ्या, सरळ धाग्यात असल्यामुळे, कडक. दोन्हीकडे एकच कोळसा एकाच जोराने चालवला की कापड पुठ्ठ्याचं होतं.

स्थिरचित्र

सगळे कापडाबद्दल बोलताहेत, कापडाच्या आत कोण उभं असतं त्याबद्दल मी बोलते. गेली अकरा वर्षं मी मॉडेल म्हणून बसते, पुण्यात आणि मुंबईत, कॉलेजांत आणि अशा रविवारच्या ग्रुपांतही.

अंग आधी की कापड आधी, यात सरांशी माझं जमत नाही. टिंबं द्या, जरूर द्या, पण पाच मिनिटांत संपवा आणि लगेच कापड घ्या. माझं अंग तिसऱ्या बैठकीतही तेच असतं. पायाभोवती खडूने आखून घेतलेलं असतं, मी परत येऊन त्याच खुणेत पाय ठेवते, कमर आपोआप त्याच जागी येते. कापड मात्र मी पहिल्यांदा खाली उतरले की गेलं. ते परत तसं कधीच पडत नाही, कितीही टाचण्या लावा. तेव्हा पहिल्या वीस मिनिटांत पदर आणि निऱ्या संपवायच्या, आणि नंतर त्यांच्याकडे बघायचंच नाही. दुसऱ्या बैठकीत चेहरा, हात, पावलं. लोक उलटं करतात. पहिल्या बैठकीत नाक-डोळे कोरत बसतात आणि शेवटी "मॅडम, पदर मघासारखा करता का?" म्हणतात. मघासारखा कसा होता ते मला कसं माहीत? मी आत होते.

पदर नीट करायला कोणी पुढे यायचं नाही. मॉडेल स्वतः करेल. हे सांगावं लागू नये, पण लागतं. एकदा एका वर्गात एक गृहस्थ विचारल्याशिवाय येऊन माझ्या निऱ्या सरळ करायला लागले. मी त्याच क्षणी पोझ सोडली आणि पैसे घेऊन घरी गेले. निऱ्यांच्या आत पोटरीपाशी एक सेफ्टी पिन, पदराला खांद्यामागे एक, या मी स्वतः लावते आणि त्या कुठे आहेत ते वर्गाला सांगून ठेवते, म्हणजे ती ओढ खरी की पिनेची हे काढणाऱ्याला कळतं. सर न दिसणारी खोच म्हणतात ना, तशीच ही.

पंखा बंद करू नका. एप्रिलमध्ये नऊ वार गुंडाळून तासभर एका पायावर उभं राहून बघा. पंखा भिंतीकडे तोंड करून ठेवा, किंवा टेबलफॅन मॉडेलच्या मागून पायांकडे. आणि रिकामी कळशी वीस मिनिटांनी रिकामी राहत नाही, खांदा उतरतो. पहिल्या मिनिटाचा खांदा आणि विसाव्या मिनिटाचा खांदा यांत दोन बोटांचा फरक असतो. चांगला काढणारा उतरलेला खांदा काढतो, कारण पदराचा झोळ त्या उतरलेल्या खांद्यालाच लटकलेला असतो.

तिरपी रेघ

बाई, तुमचा मुद्दा मान्य. मी कायम शिकवणाऱ्याच्या खुर्चीत बसलो, त्या ओट्यावर कधी उभा राहिलो नाही. टिंबं पाच मिनिटांत, मग कापड. ताई, असंच करा.

वेळ मिळाला तर सातारा जिल्ह्यात औंधला जाऊन या. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभं केलेलं संग्रहालय आहे, तिथे रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. कॅलेंडरवरचा रविवर्मा आणि समोरचा रविवर्मा यांत फार फरक. छापील चित्रात साडी नुसती चकाकते, मूळ चित्रात वजन असतं तिला. आणि त्यासाठी औंधपर्यंतही जायला नको, सकाळी सातला मंडईत उभ्या रहा. पूर्वीइतक्या नाहीत, पण नऊवारीतल्या दोन-चार आज्या अजून भाजी विकायला बसतात. बसलेली, वाकलेली, टोपली उचलणारी, काष्टा तिथे कामाला लागलेला दिसतो. छोट्या वहीत पेनाने काढा. खोडायची सोय नको. आणि आधी भाजी घ्या, मग काढा.

पेन्सिलटोक
(पुढचा रविवार, दुपारी ४:१५)

वृत्तांत.

आज मावशी स्वतःची साडी घेऊन आल्या. सासूबाईंची इरकल, काळपट हिरवी, इतकी धुतलेली की हातात घेतली तर जुन्या दुलईसारखी. आतल्या खोलीत नेसत होत्या, मी मदतीला म्हणून गेले आणि माझी काही गरज नाही हे लगेच कळलं. गाठ, पदर, निऱ्या, मग वाकून टोकं मागे नेली आणि खोचली. सात मिनिटं सुद्धा लागली नाहीत. खोचताना त्यांनी एक हिसका दिला आणि समोर दोन्ही मांड्यांवरचं कापड एकदम सरकन बसलं. तो हिसका बघितला आणि सरांचा अख्खा प्रतिसाद कळला.

पोझ मुद्दाम मागचीच घेतली. ट्यूब बंद. खिडकीला चादर लावली (पहिल्या रविवारची चादर, अखेर कामी आली), डावीकडून एक क्लॅम्पचा दिवा. पंखा भिंतीकडे. मावशींनी भार उजव्या पायावर घेतला, डावा गुडघा पुढे केला, आणि गुडघ्यापासून एक रेघ उठून मांडीला वळसा घालून मागे गेली. मी सहा फुटांवरच होते. मागच्या वेळी तिथे सरळ पट्ट्या होत्या.

तरी खात्री होईना. "मावशी, मागून बघू का?" म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "बघ की, काय चोरून ठेवलंय का." मागे गेले तर खोच कमरेच्या मधोमध नव्हतीच, चांगली चार बोटं उजवीकडे होती. जागेवर येऊन टिंब हलवलं. रेघ लगेच बरोबर आली. मी आतापर्यंत टिंब मधे धरून बसले होते.

पहिल्या वीस मिनिटांत टिंबं, पदर, निऱ्या. निऱ्या पाचच घेतल्या, त्यांतली शेवटची खरंच रुंद होती. काठाची नक्षी शून्य, फक्त तीन ठिकाणी तो मोडला तिथे दाबून काळा. रेशमी पदर दर बैठकीला दोन बोटं खाली येत होता. माझा काढून झालेला होता, त्यामुळे मी मजेत. शेजारचा मुलगा तिसऱ्या बैठकीत पदर पुसत होता आणि मी पावलं काढत होते, हे सांगताना मला जे वाटतंय ते चांगलं नाही, पण वाटतंय.

सगळं जमलं असं नाही. कोपरापाशी वळ्या इतक्या घातल्या की हात ॲकॉर्डियनसारखा दिसतोय. डोकं लहान झालं. उजेड एकाच बाजूने आल्यावर सावलीतली अर्धी बाई मी नुसती काळी करून टाकली, तिथे काय करायचं ते सुचलं नाही. चित्र खाली टाकलंय, सरांनी दम द्यावा.

घरी भिंतीला टेकवलं. नवरा यावेळी सोफ्यावरून उठून जवळ आला, बघत राहिला आणि म्हणाला, "ह्यांचा उजवा पाय दुखतोय का?"

दुखत होता. निघताना मावशी तोच पाय चोळत होत्या. पुढच्या रविवारी बसलेली पोझ घेतोय.